मुकुंदाचे दुसरे बारसे

सोमवार, दिनांक २१ एप्रिल १९८६. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. लांज्यातील उकिडव्यांच्या माजघरात पाळण्याभोवती अकरा बायका उभ्या होत्या आणि पाळण्यात पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ निजवलेले होते.

देठ दर्भाने बांधून त्यांना हातपाय असलेल्या माणसाचा आकार दिला होता. डोक्याच्या जागी नारळ होता आणि नारळाला टोपडे होते. पाळणा पलीकडच्या आळीतून मागून आणलेला. तो टांगण्यासाठी तुळईत लोखंडी आकडा मी बसवला होता. आतल्या ऐवजाचे वजन दोन किलोंच्या वर नव्हते, तरी आकडा मी चाळीस किलोंना तपासून घेतला होता. पाळण्यात काय ठेवावे हा घरमालकिणीचा प्रश्न. तो खाली येऊ नये हा माझा.

पाळण्याच्या उशाशी यशोदाआक्का उभ्या होत्या. ज्याचे बारसे होते त्याच्या त्या सख्ख्या आत्या, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. परंतु त्यांचा चेहरा मान मिळालेल्या माणसाचा नव्हता. दुखऱ्या दाढेत लवंग धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा होता.

“सांगा, वन्सं,” उमाकाकू म्हणाल्या. “बाळ खोळंबलंय.”

बाळाचे वय छत्तीस वर्षांचे होते आणि ते गेली बारा वर्षे बेपत्ता होते.

मी त्या वेळी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन मला चार वर्षे झाली होती आणि माझ्या पहिल्या स्वतंत्र कामासाठी, म्हणजे एका लहानशा बंधाऱ्यासाठी, मी लांज्यास आलो होतो. उकिडव्यांच्या घराचे दोन भाग होते. डावा भाग उमाकाकूंचा, उजवा त्यांचे धाकटे दीर दामूअण्णा यांचा. पुढची पडवी आणि पुढचे दार दोघांत सामाईक. उमाकाकूंच्या माडीवरची खोली मी भाड्याने घेतली होती. काकू तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्या कधी आवाज चढवीत नसत. आवाज चढवावा इतकी समोरच्याची योग्यता नाही, असे त्यांचे मत असावे, आणि त्या घरापुरते ते मत मला लवकरच पटले.

त्यांचा एकुलता एक मुलगा मुकुंद १९७४ सालच्या फेब्रुवारीत घरातून गेला. त्याचे लग्न चार दिवसांवर आले होते. मांडवाचे वासे रोवून झाले होते, आचारी सांगून झाला होता, मुलीकडची वडीलधारी माणसे येऊन उतरली होती. नवरदेव दुपारची झोप झाल्यावर मागच्या दाराने निघाला आणि एसटी स्टँडवरून कोणत्या तरी गाडीत बसला. कोणत्या, ते कोणी पाहिले नाही. लग्न नको होते असे त्याने कोणास सांगितले नव्हते. ठरवताना त्याला विचारले होते, तेव्हा तो ‘हो’ म्हणाला होता. पाच वर्षांनी वडील वारले, तरी त्याचे एक कार्डसुद्धा आले नाही.

या मुलाची काकू वाट पाहत. पण ती पाहण्याची त्यांची रीत मी अन्यत्र कोठे पाहिलेली नाही. त्या दारात उभ्या राहत नसत, देवाला नवस बोलत नसत, ज्योतिषाच्या वाटेला जात नसत. नोकरीसाठी मुकुंदाने रत्नागिरीच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले होते. ती नोंदणी त्या मुदत संपण्याआधी टपालाने वाढवून घेत, त्याचा क्रम मागे पडू नये म्हणून. आणि दर दिवाळीला त्याच्यासाठी एक सदरा शिवून घेत. शिंप्याला कमरेचे माप मधूनमधून वाढवून देत. मी एकदा कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्याचे वडील पस्तिशीनंतर सुटले होते, तोही सुटणार. तो काही व्यायाम करत बसला नसेल.

आता उजवीकडच्या भागाविषयी. दामूअण्णांचा मुलगा अरुण एकतीस वर्षांचा होता आणि त्याचे लग्न जमत नव्हते. तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही मोडली. राजापूरच्या एका ज्योतिषाने पत्रिका पाहून निदान केले की या घरातला एक तरुण जीव क्रियाकर्मावाचून भटकतो आहे आणि तोच आडवा येतो. वास्तविक अरुणच्या पत्रिकेत दोष नव्हता, अरुणमध्ये होता. तो सकाळी दहाला उठे, जेवताना ताटातल्या पदार्थांना नावे ठेवी आणि मुलगी पाहायला गेल्यावर मुलीच्या वडिलांना राजकारण समजावून देई. परंतु भटक्या आत्म्याला हाकलणे हे अरुणला सुधारण्यापेक्षा सोपे काम होते. दामूअण्णांच्या थोरल्या बहीण यशोदाआक्का यांनी ते मनावर घेतले. आक्कांचे यजमान दापोलीस हयात होते, पण आक्का वर्षातले दहा महिने माहेरी असत. त्यांचे यजमान त्या कारणाने आनंदात होते, असे ऐकिवात आहे.

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहून मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी चाल आहे. त्यासाठी तीनशे साठ देठ लागतात. बारा वर्षे पुरी होताच दामूअण्णांनी उमाकाकूंना विचारले. काकूंनी नकार दिला. त्यावर दामूअण्णांनी घैसासगुरुजींना विचारले, आणि चुलत भावाने विधी केला तरी चालतो, आईची संमती लागतेच असे नाही, असा निर्वाळा मिळाला.

विधी १० मार्चला, अमावास्येच्या सकाळी, नदीकाठी झाला. तुम्ही शिकलेले, देठ तेवढे मोजून द्या, असे म्हणून दामूअण्णांनी मला बरोबर नेले. मोजले तर एकोणीस कमी भरले. अरुणला पुन्हा रानात जाण्याचा कंटाळा होता. तो तिथेच वाकला आणि काठावरच्या कुड्याच्या झुडपाचे एकोणीस देठ खुडून त्याने जुडीत खुपसले. मी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी नदीकडे पाहत होते.

अशा रीतीने मुकुंद उकिडवे यांचा बराचसा भाग पळसाचा आणि थोडा कुड्याचा असा जळाला. आक्का रडल्या. त्या इतक्या बेताने रडल्या की शेवटचा मंत्र संपला तेव्हा त्यांचे रडणेही संपले होते. आम्ही परत आलो तेव्हा उमाकाकूंच्या स्वयंपाकघरातून आमटीच्या फोडणीचा वास पडवीभर सुटला होता. सुतकात फोडणी देत नाहीत. पुढचे दहाही दिवस त्यांनी दोन्ही वेळा फोडणी दिली, आणि हिंग नेहमीपेक्षा सढळ हाताने घातला.

चौदाव्या दिवशी घैसासगुरुजी काकूंकडे आले. त्यांना दामूअण्णांनी पाठवले होते. मी ओटीवर नकाशे पसरून बसलो होतो. गुरुजींनी बराच वेळ सुपारी चघळली आणि मग सांगितले की मृताचे कपडे घरात ठेवू नयेत, दान करावेत. बारा सदरे आहेत असे कानावर आले आहे. काकूंनी त्यांच्यापुढे आमसुलाचे सरबत ठेवले आणि सदऱ्यांविषयी काही न बोलता विचारले,

“गुरुजी, तो परत आला तर?”

गुरुजी दचकले. “कोण?”

“ज्याला तुम्ही परवा जाळलात तो.”

गुरुजींनी सांगितले की तसे होत नाही. काकूंनी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी नाइलाजाने सांगितले की ज्याची उत्तरक्रिया झाली त्याला उंबऱ्याच्या आत घेता येत नाही. तो सर्वांना मेलेला. त्याला दारातूनच लावून द्यावा लागतो.

“आणि माझ्यामागे हे दार कुणाच्या हातात?”

गुरुजींनी उत्तर देण्याची गरज नव्हती. उजव्या भागात दामूअण्णा मोठ्याने खाकरत होते.

काकूंना काय हवे होते, ते मला त्या क्षणी कळले. मुलगा जिवंत आहे की नाही, याचा निकाल त्या कोणाकडेही मागत नव्हत्या. तो कधी काळी आला आणि तेव्हा त्या नसल्या, तर त्याच्या तोंडावर दार लागू नये, एवढे एकच त्यांना हवे होते. विधी होण्यापूर्वी दार लावायला घरच्यांना कारण नव्हते. आता त्यांच्याकडे शास्त्र होते.

“आणि यावर काही सोय?” काकूंनी विचारले.

सोय होती. गुरुजींनी ती अनिच्छेने सांगितली. असा माणूस परत आलाच, तर त्याचा पुन्हा जन्म झाला असे मानायचे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचे, जातकर्म करायचे, बारसे करायचे, पुन्हा नाव ठेवायचे. मग तो नवा आणि शुद्ध. त्याला घर उघडे.

“मग पाडव्याला त्याचा जन्म झाला असं धरू आणि बाराव्या दिवशी बारसं करू.”

“अहो पण उमाबाई, त्याला माणूस समोर हवा ना!”

“जाळताना होता?”

गुरुजींनी सरबताचा पेला उचलला, आत पाहिले आणि तसाच खाली ठेवला. असे कोठे सांगितलेले नाही, असे काहीसे ते पुटपुटले. काकूंनी त्यांना अधिक त्रास दिला नाही. त्या म्हणाल्या की जातकर्माचे मंत्र त्या दुसऱ्या कोणा भटजीकडून म्हणवून घेतील, आणि बारशाला तर भटजी लागतच नाही. ते बायकांचे काम आहे. लागते ती फक्त आत्या.

आत्या मिळणे मात्र कठीण होते. आक्कांना हे कळताच त्यांनी पडवीत येऊन, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेताने, आपले मत सांगितले. मेलेल्याला पाळण्यात घालायचे म्हणजे भुताला आमंत्रण. ह्या बाईचे डोके फिरले आहे. आणि आपल्या तोंडून ते नाव निघणे या जन्मी शक्य नाही. काकू आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

मार्चअखेरीस अरुणचे लग्न ठरले. मुलगी चिपळूणच्या पाध्ये यांची. पाध्ये कडक सोवळ्याचे आणि नियमाचे म्हणून प्रसिद्ध होते, आणि अरुणला त्यांनी होकार दिला याचा अर्थ त्यांची चौकशी अपुरी होती. मुहूर्त ११ मेचा निघाला. उजव्या भागात पेढे आले. विधी होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच स्थळ जुळले, हा तर चमत्कारच, असे आक्का येईल त्याला सांगत होत्या. दामूअण्णा स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन काकूंकडे आले, मागोमाग आक्काही आल्या. मी बंधाऱ्यावरून येऊन नुकताच पाय धूत होतो. मलाही पेढा मिळाला.

काकूंनी पेढा घेतला, देवापुढे ठेवला आणि चांगले झाले असे म्हणाल्या. मग सहज विचारावे तसे विचारले,

“पण भावोजी, मुकुंदाचं वर्ष व्हायच्या आत कसं काय?”

दामूअण्णांना प्रश्न समजला नाही. मला समजला आणि मी उरलेला पेढा खाली ठेवला. घरातला तरुण मुलगा जाऊन महिनाही झाला नव्हता. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरात वर्षभर मंगलकार्य करीत नाहीत, हे दामूअण्णांनीच मला मागे एका शेजाऱ्याच्या प्रकरणात मोठ्या तुच्छतेने ऐकवले होते. अडथळा दूर करण्यासाठी त्यांनी मुकुंदाला मारले होते, आणि तो मेला की लग्न वर्षभर अडते हे त्या तिघांपैकी, गुरुजी धरून चौघांपैकी, एकाच्याही लक्षात आले नव्हते. ज्यांना मेलेले माणूस खरोखर मेलेले वाटत असते, त्यांच्या हातून अशी चूक होत नाही.

आक्का आधी सावरल्या. त्या म्हणाल्या की हे काही खरे मरण नव्हे.

“खरं नव्हे?” काकूंनी विचारले. “मग जाळलंत ते काय?”

दामूअण्णांनी पळवाट काढली. वर्षश्राद्ध आधीच उरकून घेता येते, घैसासगुरुजी करतील. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले. गुरुजी वाटेल ते करतील, त्याबद्दल त्यांनाही शंका नव्हती. पण पाध्ये नियमाची माणसे आहेत. त्यांना आधी विचारलेले बरे. चिपळूणला जाणारी गाडी सकाळी सातला आहे. आपण स्वतः जाऊ, आणि फक्त विचारू: आमच्या घरी १० मार्चला तरुण मुलाला अग्नी दिला, तर तुम्हाला ११ मे चालेल ना? भांडायचे नाही, रडायचे नाही. एक म्हातारी विधवा जाऊन तेवढे विचारून येईल.

“वहिनी,” दामूअण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी प्रथमच आदर ऐकला. “तुम्हाला काय हवंय?”

“मला नकोय काही. तुम्हीच ठरवा. तो मेला असेल, तर मी वर्षभर सुतकी बसते, पुढच्या पडवीत, येणाऱ्या पाहुण्यांना दिसेन अशी. तो जन्माला आला असेल, तर घरात सोयर होतं, ते बाराव्या दिवशी फिटतं आणि लग्नाला मी पोळ्या लाटते.” मग त्या आक्कांकडे वळल्या. “आत्याचा मान तुमचा आहे, वन्सं. दुसरीला द्यावा, असं माझ्या मनात नाही.”

दामूअण्णांनी बहिणीकडे पाहिले. त्या पाहण्यात एकतीस वर्षांचा अविवाहित मुलगा होता.

त्यानंतर काकूंनी एक गोष्ट जोडून घेतली, हे मला नमूद केले पाहिजे. लग्नाच्या पत्रिकेत घरच्या मुलांची नावे येतात. त्यांत मुकुंदाचे नाव यावे आणि त्यामागे ‘कै.’ नव्हे, ‘चि.’ असावे. दामूअण्णांनी तेही मान्य केले. एव्हाना त्यांनी बंधाऱ्याचे पाणीही आपल्या अंगणातून न्यायला संमती दिली असती.

देठ या वेळी मी आणले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पळस भरपूर होता आणि मजुरांनी अर्ध्या तासात काम केले. तीनशे साठच्या तीनशे साठ पळसाचे होते. पुतळा काकूंनी स्वतः बांधला. नारळ बसवताना त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला.

“डोक्याच्या जागी नारळ. मुकुंदाच्या बाबतीत हे बरोबरच आहे,” त्या म्हणाल्या. “आत नुसतं पाणी.”

मला वाटले, काकू विनोद करीत आहेत.

तर आता त्या सोमवारी, दहा वाजून दहा मिनिटांनी, उमाकाकू म्हणाल्या, “सांगा, वन्सं. बाळ खोळंबलंय.”

आळीतल्या बायका येणार नाहीत, अशी आक्कांची खात्री होती. आल्या अकरा. काही दयेने आल्या असतील, काही गंमत पाहायला. एक-दोघी तर केवळ आक्कांची फजिती पाहण्यास आल्या, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून स्पष्ट होते. कोणत्या का हेतूने असेना, आल्या त्या सगळ्या साक्षीदार झाल्या, आणि काकूंना त्यांचा हेतू नको होता, डोळे आणि कान हवे होते.

आक्का पाळण्यावर वाकल्या. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

“ऐकू नाही आलं,” काकू म्हणाल्या.

“कानात सांगायचं असतं ग, उमा. गावाला नव्हे.”

“त्याला कान नाहीत. आम्हाला आहेत.”

मी दाराबाहेर ओटीवर उभा होतो. पुरुषाने बारशात डोकावू नये, पण आकडा माझा होता, तेव्हा मी त्याच्याकडे पाहत असल्याचे दाखवीत होतो. आक्कांनी एकदा उजव्या भागाकडे पाहिले. तिथे भिंतीपलीकडे दामूअण्णा आणि अरुण श्वास रोखून बसले असणार. मग त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटले,

“मुकुंद. मुकुंद. कुर्रर्र.”

नाव सांगून झाले की बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीवर थापा द्यायच्या असतात. ती रीत आहे. त्या दिवशी रीतीला लागतो त्यापेक्षा थोडा अधिक जोर लावला गेला. पहिली थाप तांबोळीणबाईंची होती आणि तिचा आवाज मला ओटीवर ऐकू आला. आक्कांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मग कोणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्याजणी गाऊ लागल्या. आकडा करकरला नाही.

अरुणचे लग्न ठरल्या दिवशी झाले. पाध्यांना त्यांची चूक कळायला त्यानंतर चार महिने लागले.

१९८८ साली माझी बदली झाली. पुढे १९९२च्या नोव्हेंबरात त्याच बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा अंदाज करण्यासाठी मी लांज्यास गेलो आणि दुपारी काकूंकडे जेवायला गेलो. त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या, थोड्या वाकल्या होत्या, बोलणे तेच होते. पुढच्या पडवीत दामूअण्णा झोपाळ्यावर बसले होते आणि आक्का खाली वाती वळत होत्या. मी पायऱ्यांवर बुटांच्या नाड्या सोडत होतो, तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली.

तीतून एक जाडसर, टक्कल पडलेला मनुष्य उतरला. त्याच्यामागून एक सावळी बाई उतरली आणि दोन परकऱ्या मुली. मनुष्य पायरीशी येऊन थांबला. दामूअण्णांनी त्याला ओळखले, कारण त्यांचा चेहरा उतरला. ते झोपाळ्यावरून उठले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दाराची उघडी फळी ओढून घेतली.

“थांब,” ते म्हणाले. “तुझं झालेलं आहे सगळं. गुरुजींना विचारायला हवं. आणि ही कोण, कुठली?”

“दामू, दार सोड,” आक्का म्हणाल्या.

“अगं आक्का, त्याला आपण…”

“त्याचं नाव मी ठेवलंय. अकराजणींदेखत. मेलेल्याचं ठेवलं होतं का मी? वेडी होते का मी? दार सोड.”

आक्कांना भाच्याची माया आली, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. त्या दिवशी आपण काही वेड्यासारखे केले, हे त्यांना गावापुढे कबूल करायचे नव्हते. सहा वर्षे त्यांनी ते बारसे खरे होते म्हणून सांगितले होते, कारण खोटे म्हटले असते तर त्या थापा फुकट गेल्या असत्या. काकूंनी या गणिताचा भरवसा धरला होता. माणसाच्या चांगुलपणावर त्यांनी काहीही बांधले नव्हते.

दामूअण्णांनी फळी सोडली.

काकू आतून आल्या. त्यांनी मुलाकडे पाहिले. मी काही मोठ्या प्रसंगाची अपेक्षा करीत होतो. त्यांनी त्याला चपला काढायला सांगितल्या, सुनेला नाव विचारले आणि मुलींना भूक लागली आहे का, ते विचारले. सुनेचे नाव गिरिजा. ती हुबळीकडची आणि मराठी बेताचीच बोलणारी. मुकुंद तिकडे एका वखारीत नोकरीस होता. अठरा वर्षे. हुबळीहून पत्र यायला तीन दिवस लागतात.

पडवीत मीच त्याला विचारले की आपण एक कार्ड का टाकले नाही. त्याने आपल्या नखांकडे पाहिले. मग म्हणाला की लिहायचे म्हणत होतो. मग फार दिवस होऊन गेले. मग आता काय लिहायचे, असे झाले. वडील गेल्याचे त्याला ठाऊक नव्हते. ते ऐकून तो रडला, आणि रडता रडता त्याने विचारले की पंपावर पाणी येते का, तोंड धुवायचे आहे.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. काकू वाढीव भात टाकीत होत्या. मला राहवले नाही.

“काकू, या माणसासाठी?”

त्यांनी वळून पाहिले नाही. तांदूळ धुऊन पाणी ओतून टाकले, पातेले चुलीवर ठेवले आणि मगच उत्तर दिले.

“तो असाच आहे, वाकणकर. पाचवीत असल्यापासून असाच. सांगितलेलं विसरायचं, आणि विसरलो म्हणून ओरडा बसेल म्हणून घरीच यायचं नाही. संध्याकाळी मी त्याला कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यातून हाताला धरून आणत असे. तो शहाणा होऊन येईल असं तुम्हाला वाटलं होतं? मला कधीच नव्हतं वाटलं.” त्यांनी चुलीत एक लाकूड सारले. “शहाण्या मुलाची वाट बघावी लागत नाही. तो येतोच. असल्याची कुणीतरी बघायला लागते.”

मग त्यांनी मला पडवीत जाऊन सर्वांना आत घेऊन यायला सांगितले, कारण पोरे अजून अंगणात उन्हात उभी होती.

त्या दुपारी उकिडव्यांच्या उंबऱ्यातून आत गेलेली नवी माणसे : चार.